दाते कुणी पाडले, ते खोक्यावर छापा

ट्रकच्या मागच्या हाऊसिंगमध्ये क्राउन आणि पिनियनची जोडी बसते. इंजिनाची सगळी ताकद याच दोन गिअरांच्या दात्यांतून चाकांपर्यंत जाते. खंबाटकी चढणारा दहाचाकी असो, खाणीतून दगड काढणारा टिपर असो की कारखान्याच्या दिशेने दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर असो, सगळा भार शेवटी या जोडीवर येतो. आणि ही जोडी विकत घेणाऱ्या गाडीमालकाला एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही: ही बनवली कुणी?

खोक्यावर गाडीच्या कंपनीचं नाव असतं, पार्ट नंबर असतो, चकाकणारं होलोग्राम असतं. दाते कुणी पाडले, पोलाद कुठलं, भट्टी कुणाची, हे नसतं. शेजारच्या फळीवर तशीच जोडी निम्म्या किमतीत असते. दुकानदार तिला ‘ओईएम’ म्हणतो, म्हणजे गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्याची. खालच्या फळीवर ‘लोकल’ असते. आणि कंपनीच्याच खोक्यात, कंपनीच्याच होलोग्रामसकट आलेली डुप्लिकेट असते, ती तर कुठल्याही फळीवर असू शकते. दुकानदार विचारतो, “मालक, काय देऊ? कंपनी, ओईएम का लोकल?” मालकाकडे उत्तर द्यायला काहीच आधार नसतो. तो किंमत बघतो, मिस्त्रीच्या तोंडाकडे बघतो आणि बोट ठेवतो.

मी हायवेलगतच्या गॅरेजात गिअर बॉक्स आणि हाऊसिंगचं काम करतो. मला डुप्लिकेटवाल्यांचा राग आहे, पण पहिला राग त्यांचा नाही. डुप्लिकेटचा बाजार वाढतो तो अंधारात, आणि हा अंधार गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी जाणूनबुजून, फायद्यासाठी ठेवलेला आहे. सरकारने तो वर्षानुवर्षं चालू दिला आहे. दर हंगामात त्याची किंमत भरतो तो एक-दोन गाड्यांचा मालक, आणि कधीकधी त्याचा ड्रायव्हर.

हे काम नट-बोल्टचं नाही, हे आधी समजून घ्या. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून, जोडीने तयार होतात. दोघांवर एकच जोडी क्रमांक कोरलेला असतो. चांगल्या बनावटीच्या पिनियनवर तो किती आत किंवा बाहेर बसवायचा, याचाही आकडा असतो. त्यानुसार शिम घालायच्या, बेअरिंगचा ताण जमवायचा, दोन दात्यांमधली मोकळीक मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास आणायची, मग दात्यांना रंग लावून फिरवून बघायचं की दात्यावरचा ठसा मधोमध पडतो का. ठसा टोकाला पडला तर ती जोडी खोलून पुन्हा बसवायची. जोडी खरी असेल तर हे सगळं जमतं. दाते वरून कठीण आणि आतून चिवट असावे लागतात. वरचा एक-दीड मिलिमीटरचा थर काचेसारखा टणक हवा आणि आतलं पोलाद मार सोसणारं हवं. त्यासाठी योग्य मिश्रधातू लागतो, कार्बन मुरवणारी भट्टी लागते, वेळ लागतो. यातला वेळ आणि धातू वाचवला की जोडी स्वस्त होते. बाहेरून ती तशीच दिसते, वजनालाही तशीच लागते. फरक कळतो तो काही हजार किलोमीटरने, जेव्हा हाऊसिंगच्या तेलात दात्यांचा चुरा सापडतो.

आणि कधी फरक घाटात कळतो. उतारावर भरलेली गाडी ड्रायव्हर फक्त ब्रेकवर धरत नाही. तो खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर गाडी धरतो, कारण एकट्या ब्रेकवर धरली तर ड्रम तापतात आणि ब्रेक निसटतात. गिअर बॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलला नेणाऱ्या जॉइंट शाफ्टचा क्रॉस तिथे तुटला किंवा पिनियनचे दाते तिथे गेले, तर इंजिन आणि चाकांचा संबंध त्या क्षणी संपतो. इंजिन चालू असतं, गिअर पडलेला असतो, आणि गाडीला धरणारं कुणी नसतं. तुटलेला शाफ्ट पुढच्या टोकाने रस्त्यावर आपटला तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. क्लच प्लेटचंही तसंच आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी सोडली, की प्लेट इंजिनापेक्षाही जोरात फिरते. चांगल्या प्लेटचं अस्तर असा वेग सोसेल एवढं मजबूत बनवलेलं असतं. हलक्या प्लेटचं अस्तर फुटतं. या भागांना ‘सुटे भाग’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एकदा भरलेल्या गाडीतून करूळ घाट उतरून बघावा.

आता कंपन्यांकडे येतो.

गाडीची कंपनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. क्रँकशाफ्ट आणि पुढच्या अॅक्सलचे बीम पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जमध्ये घडतात. ट्रकचे मागचे अॅक्सल म्हैसूरच्या ऑटोमोटिव्ह अॅक्सल्समध्ये तयार होतात. ट्रॅक्टर आणि बॅकहोचे अॅक्सल, गिअर बॉक्स रांजणगावात कॅरारो बनवते. कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात वाहन आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यांसाठी कास्टिंग ओतली जातात. म्हणजे आमच्याच जिल्ह्यांत, आमच्याच पोरांच्या हातून भाग घडतात, कंपनीकडे जातात, कंपनीच्या खोक्यात शिरतात आणि तिप्पट-चौपट भावाने आमच्याच तालुक्यात परत येतात. नफा करू नका असं कुणी म्हणत नाही. पण ज्या कारखान्याने तो भाग बनवला, त्याने तोच भाग स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खोक्यात बाजारात विकायला बंदी का?

ही बंदी माझ्या मनाची उपज नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. आयोगाने काय म्हटलं? कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत. भाग बनवणाऱ्या पुरवठादारांना ते थेट विकू देत नाहीत. स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं देत नाहीत. भागांवर शंभर टक्क्यांपासून हजारो टक्क्यांपर्यंत चढ लावतात. आयोगाने भाग आणि यंत्रं खुली करायला सांगितली. कंपन्या अपिलात गेल्या. दंडाचा वाद न्यायाधिकरण आणि न्यायालयांत फिरत राहिला, आणि गॅरेजच्या दारात काहीही बदललं नाही. शिवाय तो निकाल मोटारींबद्दल होता. ट्रक, टिपर, ट्रॅक्टर, बॅकहो त्या प्रकरणात नव्हते. ज्या गाड्यांवर लोकांची पोटं चालतात, नेमक्या त्याच बाहेर राहिल्या.

ट्रकच्या बाबतीत ही अडवणूक जास्त बोचते, कारण इथे कंपनी सुटा भाग न देता अख्खी असेंब्ली गळ्यात मारते. गिअर बॉक्समधला एक सिंक्रो कोन गेला, एक गिअर गेला. विक्रेत्याकडे विचारा. “तो वेगळा येत नाही, किट घ्या.” किट विचारा. “किट बंद झालं, असेंब्ली घ्या.” मला एका अधिकृत विक्रेत्याने एका बेअरिंगच्या हाऊसिंगसाठी अख्खा डिफ्रन्शियल घ्यायला सांगितलं होतं. त्या मालकाने मग काय केलं असेल? त्याने भंगारबाजारातून हाऊसिंग आणलं. कुठल्या गाडीचं, किती चाललेलं, कुठे तडा गेलेला, काही माहीत नाही. कंपनीने दार बंद केलं, म्हणून भंगाराचं दार उघडलं. मग हीच कंपनी वर्तमानपत्रात जाहिरात देते: ‘बनावट भागांपासून सावध राहा.’

नंबरांचा खेळही असाच आहे. एकाच मॉडेलच्या ट्रकात वर्षागणिक, पुरवठादारागणिक वेगवेगळे अॅक्सल बसतात. रेशो वेगळा, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्यामागे पिनियन किती फेरे घेतो ते प्रमाण वेगळं. ४१ दात्यांच्या क्राउनला ६ दात्यांचा पिनियन असेल तर प्रमाण ६.८३ येतं, ७ चा असेल तर ५.८६. अॅक्सलवर पत्र्याची पाटी असते. ती गंजते, तुटते, कुणीतरी रंगाखाली गाडते. चासी नंबर टाकला की त्या गाडीत कारखान्यातून नेमकं काय बसलं होतं, ही माहिती कंपनीच्या संगणकात असते. मला ती मिळत नाही. माझ्या गिऱ्हाइकाला, त्याच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीबद्दल मिळत नाही. ती फक्त अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवर मिळते, आणि तीही खरेदी तिथूनच करणार असाल तर.

ही माहिती नसण्याचा परिणाम सांगतो. दोन मागच्या अॅक्सलना ताकद जाणाऱ्या टिपरमध्ये दोन्ही अॅक्सलचा रेशो एकच असावा लागतो. एका अॅक्सलची जोडी गेली आणि अंदाजाने दुसऱ्या रेशोची बसवली, तर दोन्ही अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि मधला डिफ्रन्शियल रात्रंदिवस फिरून जळतो. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये याहून बारकावा आहे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरावीत, असं प्रमाण कारखान्यात ठरवलेलं असतं, आणि ते टायरच्या मापाशीही जुळलेलं असतं. पुढच्या अॅक्सलची जोडी चुकीची बसवली, किंवा मागचे टायर भलत्या मापाचे घातले, तर कडक जमिनीवर गिअर, शाफ्ट, क्रॉस सगळे पिळले जातात. बॅकहो लोडरवर हीच चूक झाली की मालक म्हणतो, “मशीनच वाईट आहे.” मशीनचा दोष नसतो. योग्य नंबर त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

आता तर संगणकही आला. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला, आणि गिअर बॉक्सही आपोआप गिअर बदलणारे आले. अशा गाडीत नवी क्लच प्लेट घातली की ती गाडीच्या मेंदूला ‘शिकवावी’ लागते. त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. कंपनी ते आम्हाला विकत नाही. मग बाजारात चोरीचं, फोडलेलं सॉफ्टवेअर मिळतं. ज्याने ते घेतलं तो गुन्हेगार, आणि ज्याने घेतलं नाही त्याचं गॅरेज बंद. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं आहेत, शेतीची यंत्रंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. ज्या कंपनीला जे दाखवायचं ते ती दाखवते. माहिती दिली नाही तर शिक्षा काय, हे सांगणारं कलम आजही नाही.

आता डुप्लिकेटवाले. त्यांना माफी नाही. रिकामी खोकी गोळा करून विकणारे लोक आहेत. जुना खराब अॅक्सल धुऊन, रंगवून, ‘रिकंडिशन’ म्हणून विकणारे आहेत. हायपॉइड गिअरला लागणाऱ्या जीएल-५ प्रतीच्या तेलाच्या नव्या बादलीत साधं तेल भरणारे आहेत. दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिक व्यापार करणारी दुकानं आहेत. त्यांचंही नाव या टोळ्या घालवतात. कायद्यात शिक्षा आहे. ट्रेडमार्कच्या कायद्यात बनावट नाव लावून विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ मध्ये, सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमाबाहेर विकल्यास प्रत्येक भागामागे एक लाखाचा दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण दुकानात जाऊन जोडी उचलून कठीणपणा तपासणारा माणूस कुठे आहे? गाडी पासिंगला जाते. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ब्रेक, दिवे, धूर बघितला जातो. घाटात गाडीला धरणाऱ्या शाफ्टचा क्रॉस कुणाच्या बनावटीचा, बिल कुठे, हे कुणीही विचारत नाही.

बिल म्हटलं की सरकारचा दुसरा हात दिसतो. जुलै २०१७ पासून २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत ट्रकच्या गिअर बॉक्स आणि अॅक्सलच्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. एक लाखाच्या मालावर २८ हजार. मोठी कंपनी हा कर वळता करून घेते. पण एक गाडीवाला मालक आपला ट्रक ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने लावतो. त्या भाड्यावर जीएसटी नसतो, म्हणून सुट्या भागांवर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. त्याच्यासाठी तो सगळा खर्चच. मग दुकानदार म्हणतो, “बिल पाहिजे का? बिलाशिवाय घेतलंत तर कमी पडेल.” आठ वर्षं सरकारने हा मोह गाडीमालकापुढे रोज ठेवला. बिल नाही, म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही, म्हणजे डुप्लिकेट निघालं तरी तक्रार नाही. आता दर १८ टक्के झाला, हे चांगलंच झालं. पण बिलाशिवाय माल घ्यायची जी सवय आठ वर्षांत मुरली, ती दर कमी केल्याने जाणार नाही.

आणि गाडीमालकांनो, तुम्हालाही सोडणार नाही. चार टायरच्या एका अॅक्सलला साडेअकरा टन, दोन अॅक्सलच्या जोडीला २१ टन, ही २०१८ मध्ये वाढवून दिलेली मर्यादा आहे. त्यावर वाळू, दगड, ऊस रचून तुम्ही म्हणता, “ओरिजनल घातलं तरी टिकत नाही.” टिकणार कसं? जास्त भाराचा दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. तो चुकवायची वाट तुम्हाला माहीत आहे. पण पिनियनच्या दात्याला लाच देता येत नाही. उसाच्या हंगामात ट्रॉलीला धड ब्रेक नसतो. चढावर क्लच गेला की मागे येणाऱ्या दोन ट्रॉल्यांखाली कोण असेल, याचा विचार मुकादम करत नाही, कारखाना करत नाही, आणि खेपा मोजणारे तुम्हीही करत नाही. हंगाम चालू असताना “आजच्या आज पाहिजे, काय मिळेल ते घाला” ही तुमचीच ऑर्डर असते.

मिस्त्री लोकांनाही सांगतो, कारण तो माझाच धंदा आहे. दुकानदाराकडून कमिशन घेऊन लोकल माल ‘ओईएम’ म्हणून गाडीत घालणारा मिस्त्री चोर आहे. जोडी क्रमांक न जुळणारे क्राउन आणि पिनियन बसवून, आवाज दाबायला जाड तेल ओतून गाडी देणारा मिस्त्री त्याहून वाईट आहे. आम्ही म्हणतो, कंपनी आम्हाला मान देत नाही. गिऱ्हाइकाला जुना भाग दाखवा, नव्याचा क्रमांक दाखवा, बिल हातात द्या. मान तिथून सुरू होतो.

वाहनांच्या सुट्या भागांच्या या देशातल्या उद्योगाची २०२३-२४ मधली उलाढाल सहा लाख कोटींच्या वर होती, आणि त्यातला सुमारे ९४ हजार कोटींचा हिस्सा नुसत्या बदली भागांच्या बाजाराचा होता. एवढ्या पैशांच्या बाजारात घेणाऱ्याला माल कुणी बनवला हे कळत नसेल, तर तो बाजार नव्हे, लूट आहे. म्हणून मागण्या स्पष्ट सांगतो.

पहिली: ताकद वाहणाऱ्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर आणि भागावर, खरा बनवणारा कारखाना, पोलादाची प्रत आणि बनवल्याचा महिना छापा. नाव कंपनीचं मोठं लावा, आमची हरकत नाही. पण दाते ज्याने पाडले, त्याचं नाव लपवू नका.

दुसरी: चासी नंबरावरून अॅक्सल, रेशो आणि भागांचे नंबर कळण्याची यादी सगळ्यांना खुली करा. फुकट.

तिसरी: गाडीचं उत्पादन थांबलं तरी दहा वर्षं तिचा प्रत्येक आतला भाग सुटा मिळालाच पाहिजे. असेंब्ली घ्या, हे उत्तर बेकायदा ठरवा. आणि पुरवठादाराला तोच भाग स्वतःच्या खोक्यात विकू द्या.

चौथी: गाडीच्या संगणकाची तपासणी आणि क्लच शिकवण्याचं सॉफ्टवेअर ठरलेल्या रास्त किमतीत कुठल्याही नोंदणीकृत गॅरेजला विका.

पाचवी: क्राउन-पिनियन, जॉइंट शाफ्ट, क्रॉस आणि क्लच प्लेट यांचे नमुने बाजारातून उचला, प्रयोगशाळेत कापा, कठीणपणा मोजा आणि निकाल दुकानाच्या नावासकट छापा. हे काम करायला पुण्यात एआरएआय ही वाहनांच्या चाचणीची संस्था आहे, यंत्रं आहेत, माणसं आहेत. नाही तो फक्त हुकूम.

कंपन्या म्हणतील, हे सगळं केलं तर डुप्लिकेटवाल्यांनाच माहिती मिळेल. डुप्लिकेटवाल्यांकडे ती माहिती आधीच आहे. ते तुमची जोडी विकत घेतात, मापतात, साचा काढतात. अंधारात आहे तो फक्त गिऱ्हाईक. सरकार म्हणेल, वेळ लागेल. आयोगाचा आदेश निघाला २०१४ मध्ये. तेव्हा नवा घेतलेला ट्रक आज म्हातारा झाला आहे. त्याचा मालक आजही काउंटरवर उभा राहून तोच प्रश्न विचारतो, आणि आजही त्याला होलोग्राम दाखवलं जातं.

वाहतूकदारांच्या संघटना डिझेलच्या भावासाठी, टोलसाठी चक्का जाम करतात. पुढचा चक्का जाम या पाच मागण्यांसाठी करा. डिझेल महागलं तर भाडं वाढवून घेता येतं. घाटात शाफ्ट तुटला तर ड्रायव्हर परत येत नाही.